शहाण्याने ठाण्याची पायरी चढावी का?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पोलीस ठाण्याची पायरी तर कोर्टाच्याही आधी लागते. त्यामुळे ती कधीच न चढणं हे आपल्याकडे सभ्य घराचं लक्षण समजलं जातं. परिणाम असा की, आपण चार वर्षं थर्मोडायनामिक्सपासून डेटा स्ट्रक्चर्सपर्यंत सगळं शिकतो, पण एफ.आय.आर. कुठे आणि कशी द्यायची हे आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असतं.

म्हणून या वर्षी मराठी विभागासाठी मी एक उद्योग केला. बुटाचं एक रिकामं खोकं मेसच्या दारात ठेवलं आणि वर लिहिलं, 'पोलिसांबद्दल काहीही विचारा. नाव लिहू नका.' आठ दिवसांत त्रेसष्ट चिठ्ठ्या जमल्या. काही विद्यार्थ्यांच्या, काही मेसमधल्या दादांच्या, दोन तर अक्षरावरून नक्की स्टाफच्या! चेष्टा वगळली तरी पन्नासच्या वर खरे प्रश्न उरले. उत्तरांसाठी दोन आधार घेतले. एक म्हणजे कायद्याची पुस्तकं आणि दुसरा म्हणजे माझा मामा. तो पोलीस शिपाई म्हणून भरती झाला आणि चौतीस वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाला. पुस्तकं जिथे गप्प बसतात तिथे मामा बोलतो.

मामाची मात्र एक अडचण आहे. त्याला सगळी कलमं जुन्या नंबरांनी पाठ. १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ३०२ चं १०३ झालं. 'चारसोबीस' आता ३१८ मध्ये गेली. मामा म्हणतो, "आता कुणाला 'तीनशे अठरा' म्हणून शिवी दिली तर त्याला कळणार तरी आहे का?"

आणि माझी अडचण भाषेची. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे फिर्याद, जबाब, पंचनामा, मुद्देमाल हे शब्द मी फक्त पेपरात ओझरते पाहिले होते. माझ्या रूममेटला 'दखलपात्र' हे एखादं भांडं वाटलं होतं! त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

दखलीस पात्र तो दखलपात्र. ज्या गुन्ह्याचा तपास पोलीस स्वतःहून सुरू करू शकतात आणि ज्यात वॉरंटशिवाय अटक करू शकतात, तो दखलपात्र गुन्हा. खून, दरोडा, बलात्कार, फसवणूक, चोरी हे सगळे यात येतात. (चोरीत नव्या कायद्याने एक पोटकलम घातलं आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आणि गुन्हा अदखलपात्र.) शिवीगाळ, साधी मारहाण, साधी धमकी, बदनामी हे अदखलपात्र. त्याचीच ती प्रसिद्ध 'एन.सी.'. यात पोलीस नोंद करून तुम्हाला प्रत देतात, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. म्हणजे 'एन.सी. दिली, पण पुढे काहीच झालं नाही' ही जी तक्रार आपण ऐकतो, त्यात दर वेळी पोलिसांचा आळस नसतो. कायद्यानेच तिथे दार लावलेलं आहे. पण दखलपात्र गुन्ह्याची एन.सी. करून माणसाला घरी पाठवणं हा मात्र वेगळा प्रकार. म्हणून हा एक शब्द समजून ठाण्यात गेलात तर अर्धं काम झालं.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या एकाच प्रश्नाच्या होत्या. 'पोलीस तक्रार घेतच नाहीत, तेव्हा काय करायचं?'

आमच्या विंगमधल्या एका मुलीचा फोन एस.टी.त गेला. उतरली त्या गावच्या ठाण्यात सांगितलं, 'बस तिकडून आली, तिकडे जा.' तिकडे गेली तर म्हणाले, 'तुम्हाला कळलं कुठे? इकडे ना? मग इकडेच द्या.' शेवटी हात हलवत हॉस्टेलवर आली आणि रात्रभर रडली. फोनमध्ये तिच्या गेलेल्या आजीचे फोटो होते.

कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं की, माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफ.आय.आर. नोंदवणं बंधनकारक आहे. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तर 'गुन्हा कुठेही घडलेला असो' असंच लिहिलंय. हद्द कुणाचीही असली तरी गुन्हा आधी 'शून्य' नंबरने नोंदवायचा आणि मग योग्य त्या ठाण्याकडे पाठवायचा, यालाच झीरो एफ.आय.आर. म्हणतात. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफ.आय.आर.ची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती मागून घ्या. एक पळवाट म्हणा किंवा सोय म्हणा, नव्या कायद्यात ठेवली आहे. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मला स्वतःला हे फारसं पटलेलं नाही. चौदा दिवसांत सी.सी.टी.व्ही.चं रेकॉर्डिंग पुसलं जाऊ शकतं.

आणि तरीही नाहीच घेतली तर? तीच तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायची. (शहरात आयुक्तालय असेल तर पोलीस उपायुक्तांना.) तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मामाने यात एक व्यवहारी सल्ला दिला. "ठाण्यात गेल्यावर दारातल्या पहिल्या माणसाशी वाद घालू नका. ठाणे अंमलदार कोण आहे ते विचारा. तक्रार घरूनच लिहून न्या, दोन प्रती करा. कागद हातात असला की माणूस सहसा परत पाठवत नाहीत. आणि चोरी झाली असेल तर 'चोरी'च लिहा. 'गहाळ' लिहिलंत की तपास तिथंच संपला."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. 'गहाळ' म्हणजे तुम्ही स्वतः हरवलात. डुप्लिकेट सिमसाठी तेवढा दाखला पुरतो, म्हणून बरेच जण तोच घेऊन खूश होतात. फोनच्या बाबतीत आणखी एक काम करता येतं. केंद्र सरकारचं सी.ई.आय.आर. नावाचं पोर्टल मे २०२३ पासून देशभर सुरू आहे. तक्रारीची प्रत जोडून तिथे आय.एम.ई.आय. नंबर ब्लॉक केला की भारतातल्या कुठल्याही नेटवर्कवर तो फोन चालत नाही, आणि कुणी सिम घालून पाहिलं तर त्याचा माग लागू शकतो. हा नंबर *#०६# दाबून मिळतो. आज रात्री मेसला जायच्या आधी प्रत्येकाने तो कुठेतरी लिहून ठेवा. फोन गेल्यावर फोनवरून नंबर काढता येत नाही, इतकं लॉजिक इंजिनिअरला कळायला हरकत नाही!

आता पैशांचं. या विषयावर अकरा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या तीन चिठ्ठ्यांत प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं, नुसती रक्कम लिहिलेली.

एका ज्युनिअरचा किस्सा त्याच्या परवानगीने, पण नाव न देता सांगते. टेलिग्रामवर 'पार्ट टाइम जॉब' आला. व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा. पहिल्या दिवशी खरंच दीडशे रुपये आले. मग 'प्रीपेड टास्क'. एक हजार भरले, तेराशे परत. मग पाच हजार, मग सोळा. ती वडिलांनी पाठवलेली फीच्या हप्त्याची रक्कम होती. ती परत आली नाही. पोरगा तीन दिवस कुणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी रूममेटने खोदून विचारलं तेव्हा कळलं.

त्या तीन दिवसांतच सगळं हातचं गेलं. अशा वेळी पहिला फोन १९३० ला करायचा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. त्यासोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची आणि आपल्या बँकेला कळवायचं. ट्रान्झॅक्शन नंबर दिला की ती यंत्रणा पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवते, तिथे पैसे असतील तर ते गोठवले जातात. पण चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. एकातून चारात, चारातून सोळात, आणि शेवटी ए.टी.एम.मधून रोख किंवा क्रिप्टो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे एक ट्री आहे आणि तुम्हाला ते लीफ नोडपर्यंत पोचायच्या आत पकडायचंय. म्हणून पहिला तास मोलाचा. लाज नंतर वाटून घेता येते.

पण ती सोळा खाती असतात कुणाची? हे ऐकून मी हादरले. त्यात कॉलेजच्या मुलांचीही असतात. 'खातं आणि ए.टी.एम. कार्ड महिनाभर दे, पाच हजार घे' अशी ऑफर येते, मुलं देतात. मामा म्हणाला, "खातं ज्याच्या नावावर, पहिली नोटीस त्यालाच. चोर बसलाय कुठं तरी लांब, आणि पोलीस येतात हॉस्टेलच्या दारात." अशी ऑफर आपल्या कॅम्पसच्या बाहेरच्या टपरीवरही आली होती, हे मला दोन चिठ्ठ्यांतून कळलं. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना माझी हात जोडून विनंती, अजून दिलं नसेल तर देऊ नका आणि दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन बंद करा आणि पोलिसांना कळवा.

याच प्रकारातला 'डिजिटल अरेस्ट'. खाकी घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि 'कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही' म्हणतो. लक्षात ठेवा, भारताच्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक नाही. पैसे भरून सुटका तर त्याहून नाही. ही गोष्ट फोन करून घरी आई-बाबांना सांगा, कारण फोन त्यांना येतात.

मग खरी अटक कशी असते? संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने आणखी बंधनं घातली. अटक करणाऱ्याची नेमप्लेट स्पष्ट हवी, अटकेचा पंचनामा जागेवर व्हायला हवा आणि नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायला हवं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा आधी हजर राहण्याची नोटीस देतात. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने 'उठसूट अटक करू नका' असं बजावलं आहे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी हवी. साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल तर स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या जागी यायचं. आमच्या हॉस्टेलमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणखी एक गंमत. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही करायची नसते. कायद्यातच तसं आहे. सही लागते ती फिर्यादीवर आणि पंच असाल तर पंचनाम्यावर. पंच व्हायला सगळेच घाबरतात. मामा म्हणतो, पंच शोधायला गेलं की अख्खी गल्ली आत जाऊन कड्या लावते. पंच म्हणजे जे आपल्या डोळ्यांसमोर झालं त्याचा साक्षीदार, एवढंच. पूर्ण वाचल्याशिवाय आणि कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हा नियम मात्र पाळा. नव्या कायद्यात झडतीचं व्हिडिओ चित्रीकरणही सक्तीचं आहे.

एका चिठ्ठीवर तीनच शब्द होते. 'पोलीस मारतात का?'

मी ती मामाला वाचून दाखवली. तो चहाचा कप खाली ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मारतात. सगळे नाही, पण मारतात. मी बघितलंय. आणि त्यातून निघत काही नाही. माराच्या भीतीनं माणूस नसलेला गुन्हासुद्धा कबूल करतो." कायदाही तेच ओळखून आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या कायद्यात ते कलम २५ होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. मामाचं पुढचं म्हणणं असं की, बारा-बारा तास ड्युटी, सण आला की रजा बंद, वरून शिव्या, मग माणूस कुठेतरी फुटतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे कारण मला मान्य नाही. रात्रभर जागून ड्युटी करणारा रेसिडेंट डॉक्टर पेशंटला मारत नाही. मामा हसला नाही. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाला.

रॅगिंगबद्दलची चिठ्ठी कुठल्या तरी फर्स्ट इयरच्या मुलाची असावी. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, कॉलेजमधून नाव कमी आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आल्यावर कॉलेजप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची आणि तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर त्यांनाही गुन्ह्याला मदत केल्याचं धरलं जातं. (सर, मॅडम, हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय, रागावू नका.)

'पोस्टवरून अटक होते का?' होऊ शकते, पण एक गोष्ट माहीत असू द्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यावरून श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. पण म्हणजे रान मोकळं नाही. दुसऱ्याच्या नावाने अकाउंट काढणं आणि कुणाचे खासगी फोटो पसरवणं हे आजही गुन्हे आहेत. 'मजेत केलं' हा बचाव नाही.

अपघातात मदत केली तर आपल्यालाच पकडतात, ही भीती तीन चिठ्ठ्यांत होती. आपलं कॉलेज हायवेला लागून आहे म्हणून याचं उत्तर ठळक घ्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर कारवाई करता येत नाही, नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही. ११२ लावा आणि माणसाला दवाखान्यात न्या. आणि ट्रॅफिक पोलिसाला लायसन्स डिजिलॉकरमध्ये दाखवलेलं चालतं. पावती नाही तर पैसे नाहीत. बाकी हेल्मेटबद्दल मी काही लिहित नाही, गेटवर रोज दिसतंच.

आता भरतीकडे वळू.

आमच्या वॉचमनकाकांची थोरली मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे साडेपाचला आपल्या ग्राउंडवर ती एकटीच धावत असते. आपण सगळे तेव्हा नुकतेच झोपलेले असतो! शिपाई पदासाठी बारावी पास लागतं. वय खुल्या गटाला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच जास्त. आधी मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणं, मुलींना ८०० मीटर. दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा मुलांना सव्वासात किलोच्या आसपास, मुलींना चार किलोचा. त्यात निम्मे गुण मिळाले की मग गुणवत्तेनुसार एका जागेला दहा जण लेखी परीक्षेला बोलावतात. ती १०० गुणांची असते. अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण.

मराठी व्याकरण! कॉन्व्हेंटवाल्यांनो, इथेच आपली विकेट जाते. मी तिला शेकडेवारी आणि काळ-काम-वेग शिकवते, ती मला समास शिकवते. 'दखलपात्र' हा तत्पुरुष समास आहे हे मला तिनेच सांगितलं. गेल्या वेळी तिचं लेखीत छान जमलं असतं, पण गोळ्यात कमी पडली आणि लेखीपर्यंत पोचलीच नाही. क्लासला पैसे नाहीत, गोळा विकत घ्यायलाही नव्हते. जिमखान्यातला गोळा दोन वर्षं कपाटात धूळ खात होता. आता पी.टी. सरांनी तो सकाळी साडेपाच ते साडेसहा तिला वापरायला द्यायचं कबूल केलंय. अट एकच, सह्यांचं रजिस्टर हवं.

डिग्री झाल्यावरचे रस्ते वेगळे. फौजदार म्हणजे पोलीस उपनिरीक्षक व्हायचं तर एम.पी.एस.सी.ची गट-ब संयुक्त परीक्षा, शाखा कुठलीही चालते. प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. उपअधीक्षक राज्यसेवेतून. आय.पी.एस. यू.पी.एस.सी.तून, खुल्या गटाला वय २१ ते ३२ आणि सहा प्रयत्न, उंची मुलांना १६५, मुलींना १५०. आधी मसुरी, मग हैदराबाद. फायनल इयरलाही पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरता येतो. 'मुलींसाठी आहे का ही नोकरी?' असं विचारणाऱ्या चिठ्ठीला उत्तर : राज्यात ३० टक्के जागा मुलींना राखीव आहेत आणि २०२४ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकपदी पहिल्यांदा एक महिला आली.

हाणामारीत केस झाली तर नोकरी जाते का? हा प्रश्न गॅदरिंगच्या तोंडावर महत्त्वाचा आहे. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर गुन्ह्याबद्दल रकाना असतो. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किरकोळ प्रकरण असेल तर अधिकारी विचार करू शकतात, पण माहिती खरी आणि पूर्ण द्यायला हवी. लपवाछपवीने नोकऱ्या जातात.

एका चिठ्ठीत विचारलं होतं, पोलिसांचं पोट का सुटतं? मामाने स्वतःच्या पोटावर हात ठेवून उत्तर दिलं. "जेवण कधी, माहीत नाही. झोप कधी, माहीत नाही. बंदोबस्तात उभं राहून वडापाव. अजून काय होणार?" पोलिसांना संघटना काढायचा हक्क नाही, १९६६ च्या कायद्याने तो मर्यादित केलाय. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत पिढ्या बारा तासांत गेल्या. 'पोलिसांकडे नुसती काठीच का?' या प्रश्नावर मात्र मामाने एकच नाव घेतलं. तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात काठी असलेल्या या सहायक फौजदारांनी कसाबची एके-४७ धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. २०२१ मध्ये सापडलेल्या एका कोळ्याच्या प्रजातीलाही त्यांचं नाव दिलंय, 'आयशियस तुकारामी'. मामा त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाला, पण हे सांगताना त्याने स्वतःचा उल्लेख केला नाही.

शेवटची चिठ्ठी. 'इंजिनिअर होऊन पोलिसात जाणं म्हणजे डिग्री वाया घालवणं नाही का?'

मला तर उलट वाटतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि ठाण्यात निरीक्षक असतात किती? सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं नव्या कायद्याने आवश्यक केलंय. ती माणसं कुठून आणायची? ई. अँड टी.सी.वाल्यांना पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग आहे, त्याचं मुख्यालय पुण्यात. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत वर्दी न घालताही काम करता येतं. त्यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात, पोलीस भरतीत शोधू नका.

आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी खास. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे पेन ड्राइव्ह, फोन, सी.सी.टी.व्ही. यांतली माहिती कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या छापील नमुन्यात हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. एस.एच.ए.-२५६, एम.डी.-५, सगळं कायद्याच्या परिशिष्टात! सेकंड इयरला आपण जे पाठ करून विसरतो ते. मामाने विचारलं, "हॅश म्हणजे काय गं?" मी त्याला लॅपटॉपवर एका फाइलचा हॅश काढून दाखवला. मग फाइलमधला एकच काना पुसला आणि परत काढला. सगळे आकडे बदलले. मामा चष्मा वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "अच्छा. म्हणजे मुद्देमालावरचं लाखेचं सील."